तिसऱ्या खणातले पेशंट

माझ्या दुकानातल्या टेबलाला तीन खण आहेत. पहिल्यात दुरुस्तीला आलेले मोबाईल. दुसऱ्यात दुरुस्त होऊन मालकाची वाट बघणारे. आणि तिसऱ्यात ज्यांना काहीही झालेलं नाही असे. कुलूप मी फक्त या तिसऱ्या खणाला लावते. संक्रांतीपासून परीक्षा संपेपर्यंत तो इतका भरलेला असतो की ओढायला दोन हात लागतात.

या अंकाच्या संपादिकाबाईंनी "तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा" म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा हाच खण डोळ्यांपुढे आला. त्यातल्या एका फोनबद्दल मला एकदा नीट सांगायचंच होतं. पण त्याआधी दुकानाची ओळख करून देते.

बोरगाव मेघेला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत हे दुकान आहे. पाटीवर अजून 'रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्ती' असंच लिहिलेलं आहे. 'मोबाईल' हा शब्द नंतर खालच्या कोपऱ्यात रंगवून कसाबसा बसवला. दुकान मूळचं आमच्या यांचं. लग्न होऊन आले तेव्हा भाजी निवडायला मी यांच्या शेजारी बसायची, आणि भाजी निवडता निवडता तारांना डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, शिकले. पुढे यांचे हात थरथरायला लागले. नेमके त्याच सुमारास रेडिओ गेले नि मोबाईल आले. मग मी वर्ध्याला जाऊन मोबाईल दुरुस्तीचा कोर्स केला. वर्गात सगळी विशीतली पोरं आणि त्यांच्यात मी एकटी, दोन लेकरांची आई. आता हे काउंटरवर बसतात आणि मी आत भिंग लावून बसते. नवं गिऱ्हाईक हमखास यांनाच विचारतं, "मालक, हा पाहून देता काय?" हे आत बोट दाखवतात, "मालक आतमंदी आहे. मी नौकर."

फोन लेकराच्या हातचा आहे हे मला उघडायच्या आधीच कळतं. चार्जिंगची पिन ढिली झालेली असते, कारण वायर लावूनच खेळणं चालतं आणि वायर दिवसभर हिसके खात राहते. काचेवर खालच्या दोन कोपऱ्यांत दोन गोल जागा गुळगुळीत झालेल्या असतात. ते गेम खेळणारे अंगठे. फार लहान लेकराचा फोन असेल तर स्पीकरच्या जाळीत वरण वाळून बसलेलं असतं. घास तोंडात जावा म्हणून समोर कार्टून लावलेलं असतं ना, मग एक घास लेकराला आणि एक मोबाईलला. मी ब्रशने ते वरण काढते आणि आईला विचारते, "फोडणी लसणाची का?" बाई लाजून जाते.

शाळा बंद पडून मोबाईलवर भरायला लागल्या, त्या काळात घरोघरी लेकरांसाठी फोन आले. कुणी कानातले मोडून घेतला, कुणी मोठ्या भावाचा जुना दिला. मग शाळा उघडल्या, पण फोन काही परत गेला नाही. पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला. मग एक दिवस आमच्याच गल्लीतली एक बाई धडधाकट फोन घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, याले ॲडमिट करून घ्या. माह्या पोराले सांगजा, बिघडला म्हणून." मला हसू आलं. फोन ठेवून घेतला. महिन्याभरात आणखी चार जणी आल्या. 'ॲडमिट' हा शब्दच पडून गेला.

माझं नाटकही हळूहळू बसलं. पोट्ट्यासमोर मी फोनचं मागचं झाकण काढायची, भिंगातून आत बघायची, लांब श्वास सोडायची. "मेन बोर्ड गेला रे बाबू. याचा पार्ट नागपुरात नाही मिळत. दिल्लीहून येईल तेव्हा येईल." काउंटरवरून हे मान हलवायचे, "कठीन केस आहे." पोट्ट्याचं तोंड उतरायचं आणि बापाचं खुलायचं. बाप मग सुटकेने तिथेच उभा राहून स्वतःच्या फोनवर बोट फिरवत राहायचा, पोरगा त्याच्या फोनमध्ये वाकून बघत राहायचा. ही गंमत मी इतक्या वेळा पाहिली की आता त्यावर काही बोलत नाही.

एकदा उलटं झालं. आंजीचे एक आजोबा आठ-नऊ वर्षांच्या नातीला घेऊन आले. नातीचा फोन खरंच बिघडला होता. मी बघत होते तोवर आजोबा कानात ते दोन बोंडं घालून व्हिडिओ बघत बसले. नात टेबलाला लगटून आली आणि हळूच म्हणाली, "काकू, माझा राहू द्या. आबाचाच ॲडमिट करून घ्या. ते माह्यासंग बोलतच नाईत." मी आजोबांचे कान मोकळे करून तिचं वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगितलं. दुरुस्तीच्या धंद्यात इतकं चटकन बरं झालेलं दुसरं पेशंट मला आठवत नाही. आजोबांनी तिला तिथूनच समोर रसवंतीवर नेलं.

आता त्या फोनबद्दल.

आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून वानखेडेभाऊ राहतात. एका सरकारी कार्यालयात बाबू आहेत. माणूस सरळ, इतका सरळ की खोटं बोलायची वेळ आली तर आधी घसा साफ करतो. त्यांची एकुलती एक मुलगी प्रांजली तेव्हा दहावीला होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मुलगी शाळेत गेलेली असताना, एका हातात तिळगुळाचा डबा आणि एका हातात तिचा फोन घेऊन ते आले. "वहिनी, गोड बोलून सहा महिने पाहिलं. आता खोटंच बोला लागते," म्हणाले. "पेपर होईपर्यंत ठेवा. तिला समजू नका देऊ, मन दुखीन तिचं."

संध्याकाळी बापलेक आले. मी माझं नाटक केलं. यांनी मान हलवली. वानखेडेभाऊंनी घसा साफ केला. प्रांजली रडली नाही, भांडली नाही. "बरं काकू," एवढंच म्हणाली आणि गेली. मला वाटलं, किती शहाणी मुलगी आहे.

शहाणी होतीच, पण कशी ते चार-पाच दिवसांनी कळलं. शाळा सुटल्यावर पाठीवर दप्तर घेऊन एकटीच आली. टेबलाशी उभी राहून म्हणाली, "काकू, माझा फोन मेला ना?"

"मेला गं. पार्टची वाट बघतेय."

"मंग मेलेल्या फोनवर दोन टिका कशा आल्या?"

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. बॅटरी पार उतरलेल्या अवस्थेत महिनाभर पडून राहिली की फुगते, कामातून जाते. म्हणून तिसऱ्या खणातले सगळे फोन मी दर गुरुवारी चार्जिंगला लावते. बॅटरी किती भरली ते बघायला फोन चालू करते आणि परत बंद करून ठेवते. त्या गुरुवारी प्रांजलीचा फोन बंद करायचा राहिला. सिमकार्ड आतच होतं. आणि या पोरीने आईच्या फोनवरून स्वतःच्याच नंबरवर एक मेसेज टाकून ठेवला होता. मेसेज निघाला की एक टिक येते. समोरच्या फोनला पोचला की दोन. चार दिवस एकच टिक होती, गुरुवारी सकाळी दोन झाल्या. इतकी वर्षं इतक्या लेकरांना फसवलं मी, पण असा सापळा कुणी लावला नव्हता. काउंटरवर यांनी पेपर तोंडापुढे धरला, म्हणजे हसत होते.

"प्रांजली, हे बघ, तुझ्या बाबांनी..."

"माहीत आहे मले. मले फोन नोको काकू. पेपर होतपर्यंत राहू द्या, मलेच अभ्यासाले बसवत नाई त्याच्यापायी. फक्त आग नोका विझू देऊ."

मला वाटलं, काय पेटवलंय हिने खणात. मग तिने समजावून सांगितलं. फोटो पाठवायचं एक ॲप असतं. त्यात दोन मैत्रिणींनी एकमेकींना रोज एक फोटो पाठवला की नावापुढे आगीचं छोटं चित्र येतं आणि त्याच्यापुढे किती दिवस झाले तो आकडा. एक दिवस कुणा एकीचा चुकला की आग जाते आणि आकडाही जातो. साक्षी नावाच्या तिच्या मैत्रिणीसोबत तिची आग चारशेच्या वर दिवस चालू होती. फोन ॲडमिट झाल्यापासून ती आईच्या फोनवर आपलं खातं उघडून चोरून एक-एक फोटो पाठवत होती, पण आता आईला संशय आला होता.

"एका फोटोसाठी एवढं?" मी म्हटलं.

"साक्षी इथंच राहे ना काकू, आमच्या मागच्या गल्लीत. तिच्या बाबाचं कंपनीतलं काम संपलं तवा ते गावाले, रोहण्याले परत गेले. तिथं तिचं कोनी नाई. ती फोनवर बोलत बी नाई, बोलाले गेली की रडाले येते म्हणते. फोटो टाकते फक्त. एक दिवस माझा नाई गेला तर तिले वाटन, मी बी सोडलं तिले."

यांच्या तोंडापुढचा पेपर खाली आला. हे म्हणाले, "अगं, हा तर आपला नवरात्रातला दिवा झाला." आमच्याकडे घटाजवळ नऊ दिवस अखंड दिवा असतो. सासूबाई होत्या तेव्हा त्या नऊ दिवसांत घराला कुलूप लागत नसे, कुणीतरी तेलाकडे बघायला असायचंच. दिवा विझला म्हणून देवी काही रागावत नाही, हे सासूबाईंनाही माहीत होतं. तरी त्या रोज जागेवरून उठून वात सारायच्या. मला ती पोर एकदम जवळची वाटली.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पण तुझ्या बाबांना सांगते."

"नोका सांगू काकू! त्यायले वाटते मले काईच माहीत नाई. रोज जेवताना म्हणतात, पार्ट काई आला नाई बा अजून. किती खुश आहेत ते."

तिने फोनमध्ये आपलं खातं पुन्हा उघडून दिलं, लॉकचा आकडा सांगितला, आणि असा माझा दिवसाला एक फोटो सुरू झाला. आयुष्यभर मोबाईलची पोटं फाडली, पण फोटो काढायची सवय नाही. पहिल्या दिवशी काय काढावं सुचेना, तर डोक्यावरचा पंखा काढला. दुसऱ्या दिवशी फुगलेली बॅटरी. मग चहाचा कप, स्क्रू ठेवायची डबी, यांचा चष्मा, बंद टीव्हीवर झोपलेली मांजर. सकाळी दुकानाला उदबत्ती लावली की तिसरा खण उघडायचा, फोन चालू करायचा, फोटो, बंद, कुलूप. साक्षीकडून आलेलं मी उघडत नसे. फोनचं यंत्र माझं, त्यात कुणी काय ठेवलंय ते माझं नाही, हा नियम मी आजवर मोडलेला नाही. रविवारी प्रांजली पाच मिनिटं येई, आलेला फोटो उघडून बघे आणि फोन मला परत देई. एकदा मला दाखवला तिने. कुडाला टेकून ठेवलेली सायकल आणि वर बोराने लगडलेलं झाड. एक शब्द नाही. पण ती मुलगी रोज सकाळी उठून आज काय दाखवावं याचा विचार करत असणार, हे मला कळलं. कारण मीही आता तेच करत होते. उदबत्ती लावताना मनात चालू असे, आज काय काढू?

परीक्षा सुरू झाली. मराठीचा पेपर गेला, इंग्रजीचा गेला, गणितं झाली. मग होळी आली, आणि दुसऱ्या दिवशी धुळवड.

दुकान बंद होतं. कॉलनीतल्या बाया घरात घुसून मला रंगवून गेल्या. दुपारी पुरणपोळी उरलेली होती ती तुपासोबत खाल्ली आणि झोपले. संध्याकाळी हातांचा रंग घासत बसले. उदबत्ती नाही, म्हणून खण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं, फोन चालू केला आणि साक्षीच्या नावापुढे काहीच नव्हतं. आग नव्हती आणि आकडाही नव्हता. मी फोन बंद करून पुन्हा चालू केला, जसं काही बिघाड त्या फोनमध्येच आहे. एरवी गिऱ्हाइकांना मी हसते या गोष्टीसाठी.

यांना सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "विज्ञानाचा पेपर परवा आहे तिचा."

तेच माझ्या डोक्यात होतं. खरं सांगावं तर पोरगी रडेल, पेपर बिघडेल. दहावीचा पेपर. तेवढ्यासाठी तर बापाने फोन माझ्याकडे ठेवला होता. आणि न सांगावं तर? दोन महिन्यांपूर्वी जिने मला विश्वासाने लॉकचा आकडा दिला, तिच्याशी परत नाटक?

मी अजून ठरवते आहे तोच दाराशी प्रांजली. रविवार नव्हता. केसांत अजून गुलाल होता आणि ती धावत आल्यासारखी दिसत होती. तिने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "चालू आहे गं आग! मस्त चालू आहे. तू अभ्यास कर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं काकू." तेच 'बरं काकू', पहिल्या दिवशीचं. आणि गेली. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी स्वतःची लाजही वाटली. दिल्लीहून पार्ट येणार असं सांगताना मला कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी यांनीही मान हलवली नाही. पुढचे सगळे दिवस मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते. फोटो मात्र पाठवत राहिले, कुणासाठी ते कळत नव्हतं.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिघं आले. वानखेडेभाऊ, प्रांजली आणि तिच्या शेजारी एक उंचशी, सावळी, खाली मान घातलेली मुलगी. साक्षी. पेपर संपल्याबरोबर रोहण्याहून येऊन प्रांजलीकडे उतरली होती. वानखेडेभाऊंनी घसा साफ केला, "वहिनी, पार्ट आला म्हणता ना?"

मी खण उघडला, फोन काढला आणि प्रांजलीच्या हातात दिला. "भाऊ, थांबा," मी म्हटलं. "प्रांजली, तुझी ती चारशे दिवसांची आग नाही त्यात. धुळवडीच्या दिवशी विझली. मी विसरले. आणि तुला खोटं सांगितलं."

"माहीत आहे काकू," प्रांजली म्हणाली.

"माहीत आहे?"

"दुसऱ्या दिवशी सकायी साक्षीचा फोन आलता आईच्या नंबरवर. इकडून गेल्यापासून पहिल्यांदा फोन केला तिनं."

"मग तू आलीस तेव्हा विचारलं का नाहीस?"

प्रांजलीने साक्षीला कोपराने ढोसलं. साक्षी खाली बघतच बोलली, इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं. "मीच पाठवलं तिले. पहिल्या दिवशीच मले पंखा दिसला होता. आमचा टीव्ही बनवाले आणला तवाचा, एक पातं वाकडं असलेला. मले समजलं का काकूच फोटो टाकून राह्यल्या. मंग त्या दिवशी फोटो नाई आला. मी म्हटलं, काकू बिमार आहेत काय? कोनी पाह्यलं का त्यायले?"

मी वर त्या वाकड्या पात्याकडे बघितलं.

"म्हणून मी पळत आलती," प्रांजली म्हणाली. "तुमी बऱ्या दिसल्या. मंग तुमी म्हणाल्या आग चालू आहे, तर म्हटलं, राहू द्या. खरं बोललं तर काकूले वाईट वाटन."

वानखेडेभाऊ एकदा माझ्याकडे, एकदा लेकीकडे बघत होते. "म्हणजे फोन बिघडला नाही हे तुले..."

"पहिल्याच आठवड्यात समजलं बाबा. पण तुमी एवढं छान करत होते."

हे काउंटरवर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. वानखेडेभाऊही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. इतके दिवस आम्ही मोठी माणसं समजत होतो की लेकराचं मन आपण जपतोय. माझ्या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाटक मी ज्या पोरीसमोर केलं, तिने तिच्या बापाचंही मन सांभाळलं आणि माझंही, आणि वर विज्ञानाचा पेपर देऊन आली.

त्यानंतर मी नाटक सोडलं. तिसरा खण आहे अजून, पण आता फोन ठेवायचा तर लेकराला सोबत आणायचं. त्याच्यासमोर चिठ्ठीवर लिहिते, 'बिघाड: काही नाही', आणि खाली त्याची सही घेते. एका गृहस्थांना हे पटलं नाही. "मग तुमच्याकडे आणून फायदा काय?" म्हणाले आणि दुसऱ्या दुकानात गेले. गिऱ्हाईक कमी झालं हे खरं. काही लेकरं सहीच करत नाहीत, फोन घेऊन घरी जातात. जाऊ दे. काही जण मात्र स्वतःच येतात, बापाला न सांगता, आणि म्हणतात, "काकू, दहा दिवस ठेवा ना."

या वर्षी धुळवडीला दुकान बंद होतं. सकाळी अंगण झाडत होते तोच माझा फोन वाजला. नंबर प्रांजलीचा. त्या दोघींची नवी आग कितीवर पोचली आहे ते मला माहीत नाही, मी विचारलेलं नाही. फोनवर एकाच वेळी दोघींचे आवाज आले, एक दोन गल्ल्यांपलीकडून आणि एक रोहण्याहून, आणि दुसरा आता बराच मोठा होता.

"काकू, बऱ्या आहात ना?"

"बरी आहे गं पोरींनो," मी म्हटलं. आणि हे खोटं नव्हतं.